रानडुकराचा पत्ता: शिवारातला आणि पडद्यावरचा

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री पीक विमा योजनेत एक महत्त्वाचा बदल जाहीर केला. २०२६ च्या खरीप हंगामापासून वन्यप्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसानही स्थानिक आपत्ती म्हणून विम्याच्या कक्षेत येईल आणि त्यासाठी शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत विम्याच्या ॲपवर छायाचित्रांसह नोंद करावी, असे त्याचे स्वरूप आहे. या घोषणेतला एक तपशील मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटला. नुकसान करणारे प्राणी कोणते आणि त्यांचा उपद्रव होणारे जिल्हे किंवा विमा घटक (म्हणजे विम्यासाठी एकत्र धरलेला भाग) कोणते, हे प्रत्येक राज्याने ठरवून जाहीर करायचे आहे. हत्तीपुरते हे काम फारसे अवघड नाही, कारण हत्तींचा कळप कोणत्या तालुक्यात फिरतो आहे, हे वनखात्याला आणि गावकऱ्यांना ठाऊक असते. रानडुकराचे तसे नाही. त्याला एखादा जिल्हा नेमून देणे म्हणजे कावळ्याला झाड नेमून देण्यासारखे आहे.

हेच रानडुक्कर आणखी एका ठिकाणी मुबलक आढळते, ते म्हणजे संगणकावरच्या आणि कन्सोलवरच्या गेममध्ये. शहरात वाढलेल्या पुष्कळ मुलांनी खरे रानडुक्कर कधी पाहिलेले नसते, पण पडद्यावर शेकडो मारलेली असतात. शेतकऱ्याचे रानडुक्कर आणि गेम खेळणाऱ्याचे रानडुक्कर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे वरवर पाहता वाटेल. मला मात्र असे दिसते की, दोघांच्या पत्त्यात एक विलक्षण साम्य आहे आणि ते साम्य लक्षात घेतले की, हा प्राणी दाट जंगलापेक्षा शेताच्या बांधावर जास्त का भेटतो, याचा उलगडा होऊ लागतो.

अधिवास म्हणजे काय?

प्राणी ज्या ठिकाणी आपल्या सर्व गरजा भागवून जगू शकतो, त्या ठिकाणाला त्याचा अधिवास म्हणतात. शब्द जड वाटला तरी कल्पना घरासारखीच आहे. आपल्या घरात स्वयंपाकघर लागते, मोरी लागते, निजायची खोली लागते आणि ही सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी लागतात. रानडुकराच्या घरातही याच खोल्या असतात, फक्त त्यांच्यामध्ये भिंती नसतात.

त्याचे स्वयंपाकघर जमिनीखाली असते. रानडुकराच्या नाकाचे टोक कुर्च्येच्या टणक चकतीसारखे असून आतून त्याला हाडाचा आधार असतो आणि त्यामागे मानेचे जबरदस्त स्नायू असतात. त्यामुळे हेच नाक एकाच वेळी वास घेणारे यंत्र आणि कुदळ अशी दोन्ही कामे करते. कंद, मुळे, गांडुळे, किड्यांच्या अळ्या, जमिनीवर पडलेली फळे, पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरे यांपैकी काहीही त्याला चालते. ज्या जमिनीत ते रात्रभर उकरते, ती सकाळी वेडीवाकडी नांगरलेली दिसते. पृथ्वीला सुळ्यावर उचलून वर काढणाऱ्या वराहाची कल्पना ज्याला प्रथम सुचली, त्याने हे दृश्य नक्कीच जवळून पाहिलेले असणार, असे रामटेकची वराहमूर्ती पाहताना मला नेहमी वाटते.

मोरीची गरज त्याहून निकडीची आहे. डुकराच्या अंगात घामाच्या कार्यक्षम ग्रंथी फारच थोड्या असतात, त्यामुळे आपल्यासारखा घाम गाळून ते शरीर थंड करू शकत नाही. चिखलात लोळणे ही त्याची चैन नसून गरज आहे. अंगावरचा ओला चिखल सुकताना उष्णता घेऊन जातो आणि सुकलेला थर झाडाच्या खोडावर घासून काढताना गोचिडीही निघून जातात. म्हणून नाला, ओढा, पाणथळ जागा किंवा पाटाचे पाझरणारे पाणी जवळपास नसेल, तर उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणे कठीण जाते.

तिसरी गरज लपणाची, म्हणजे दिवसभर कोणाच्या नजरेस न पडता पडून राहता येईल अशा दाट झाडोऱ्याची. या गरजेत बाळंतपणाची जागाही येते. विण्यापूर्वी मादी कळपापासून थोडी बाजूला जाते आणि गवत व फांद्या गोळा करून पिलांसाठी चक्क घरटे बांधते. पहिले काही महिने पिलांच्या अंगावर फिकट आणि गडद असे लांब पट्टे असतात, त्यामुळे झाडोऱ्यातल्या उन्हासावलीत ती सहज मिसळून जातात.

एवढ्या तीन सोयी झाल्या की, झाडे सागाची आहेत की ओकची, जमीन काळी आहे की तांबडी, याची रानडुकराला फारशी फिकीर नसते.

जगाच्या नकाशावर

नेमक्या याच कारणामुळे पश्चिम युरोपापासून जपानपर्यंत, उत्तर आफ्रिकेपासून भारत आणि आग्नेय आशियापर्यंत सस नावाच्या प्रजातीतली ही एकच जाती पसरलेली आहे. भारतातला तिचा प्रकार मानेपासून पाठीवर उभ्या राहणाऱ्या राठ केसांच्या आयाळीमुळे ओळखू येतो. आपल्या गल्लीत फिरणारे डुक्कर हे याच जातीच्या माणसाळलेल्या पूर्वजांचे वंशज आहे आणि दोघांमध्ये संकरही होतो. रानडुकराला न जुळणारी ठिकाणे मोजकीच आहेत. पाण्याचा थेंब नसलेले वाळवंट त्याला झेपत नाही आणि पाय आखूड असल्याने बर्फाचे खोल थर व गोठून दगड झालेली जमीनही त्याला परवडत नाही.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांत मुळात रानडुक्कर नव्हते. हर्नांडो दे सोतो हा स्पॅनिश मोहीमदार १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर डुकरे होती आणि ऑस्ट्रेलियात १७८८ च्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याने ती नेली. सुटलेली डुकरे रानटी झाली, पुढे शिकारीच्या हौसेपोटी युरोपातली रानडुकरेही अमेरिकेत आणून सोडण्यात आली आणि आज अमेरिकेच्या ३० हून अधिक राज्यांत त्यांच्या संकरित वंशजांची संख्या लाखांनी मोजली जाते.

याच्या नेमके उलटे उदाहरण आपल्या देशात आहे. आसामातल्या मानस परिसरातले पिग्मी हॉग हे खांद्यापाशी जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीचे इवलेसे रानडुक्कर फक्त उंच गवताच्या कुरणातच जगू शकते. ते नामशेष झाले असावे अशी समजूत होती, पण १९७१ मध्ये ते पुन्हा सापडले आणि आता पिंजऱ्यात वाढवलेली पिले ओरांगसारख्या संरक्षित कुरणांत सोडली जातात. एकाच घराण्यातल्या एका भावाला सारे जग पुरत नाही आणि दुसरा गवताच्या एका पट्ट्याबाहेर तग धरू शकत नाही. फरक त्यांच्या ताकदीत नसून घराच्या अटींमध्ये आहे.

पण मग ते जंगलात राहते की शेतात?

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, ते दोहोंच्या मधल्या रेषेवर राहते. मराठीत तिला शीव असा नेमका शब्द आहे. शिवेच्या एका बाजूला झाडोरा असतो, म्हणजे निजायची खोली झाली. दुसऱ्या बाजूला शेत असते, म्हणजे स्वयंपाकघर झाले. आणि मधून वाहणाऱ्या ओढ्यात मोरीची सोय होते. दाट, सलग जंगलाच्या पोटात या गरजा भागतात, पण त्यासाठी बरीच पायपीट करावी लागते. शिवेवर सगळे हाकेच्या अंतरावर असते.

भुईमुगाचे शेत रानडुकराच्या दृष्टीने काय असते, याचा विचार करून पाहावा. रानात एकेक कंद हुंगून, दगड उलथून शोधावा लागतो. इथे मऊ, भुसभुशीत, ओलीत केलेल्या जमिनीत चार बोटे खोलीवर तेलबियांच्या शेंगा सरळ रांगेत लावून ठेवलेल्या असतात. मका, हरभरा, रताळी, लोंबीला आलेला भात यांचीही गोष्ट अशीच आहे. उसाचे प्रकरण तर आणखी पुढचे आहे, कारण उसाच्या फडात खाणे, सावली, ओल आणि लपण या सर्व गोष्टी एकाच छताखाली मिळतात. जुन्नरकडच्या बिबट्यांनी ज्या कारणाने उसाला घर मानले, जवळपास त्याच कारणाने रानडुकरांनीही मानले. वर्षभर उभा असलेला ऊस हे सरकारी कागदावर शेत असले, तरी डुकराच्या हिशेबी ते दाट झाडीचे रानच आहे.

ही शीव गावाचीच असते असेही नाही. बर्लिन शहराच्या हद्दीत ग्रुनेवाल्डसारखी मोठी वने आहेत आणि तिथली रानडुकरे रात्री बागांमध्ये व कचऱ्यापाशी येतात. रोमच्या रस्त्यांवर कचराकुंड्या धुंडाळणारे कळप गेल्या काही वर्षांत सर्वांना परिचित झाले आहेत आणि हाँगकाँगलाही डोंगरउतारावरून वस्तीत उतरणाऱ्या डुकरांना खाऊ घालण्याविरुद्ध नियम कडक करावे लागले. सर्वांत बोलका दाखला जपानमधल्या फुकुशिमाचा आहे. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर माणसांनी रिकाम्या केलेल्या गावांत रानडुकरे थेट घरांपर्यंत आली आणि मागे राहिलेल्या पाळीव डुकरांशी त्यांचा संकरही झाला. माणूस मागे हटला तसतशी शीव पुढे सरकली आणि शिवेबरोबर डुक्करही पुढे आले.

पडद्यावरचे रानडुक्कर कुठे राहते?

गेमच्या जगात प्राणी जन्माला येत नाही. संगणक त्याला ठरावीक जागी, ठरावीक अटींवर प्रकट करतो. या प्रकट होण्याला खेळणारे ‘स्पॉन’ म्हणतात. नाटकात कोणत्या पात्राने कोणत्या विंगेतून, कोणत्या प्रसंगी यायचे हे जसे आधीच ठरलेले असते, तशीच ही योजना असते. म्हणून गेममधला प्राणी कुठे राहतो असे विचारले, तर खरा प्रश्न असा असतो की, गेम रचणाऱ्याने त्याला तिथेच का ठेवले?

१९९९ साली आलेला ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गेम आजही आवडीने खेळला जातो आणि महाविद्यालयीन वसतिगृहांत ज्यांनी त्यापायी रात्री जागवल्या, त्यांना पुढचे वर्णन नवे वाटणार नाही. खेळाच्या सुरुवातीला तुमच्याकडे एक नगरकेंद्र आणि मोजकेच गावकरी असतात. बहुतेक नकाशांवर नगरकेंद्रापासून थोड्या अंतरावर दोन रानडुकरे उभी असतात. एका मेंढीपासून १०० एकक अन्न मिळते, हरणापासून १४० आणि रानडुकरापासून ३४०. म्हणजे रानडुक्कर ही सुरुवातीच्या काळातली सर्वांत मोठी मेजवानी असते. पण एकटा गावकरी त्याच्या वाटेला गेला, तर बहुधा जिवाला मुकतो. म्हणून खेळणारे एक युक्ती करतात. एक गावकरी दुरून बाण मारून डुकराला डिवचतो आणि लगेच मागे फिरून नगरकेंद्राकडे धूम ठोकतो. चवताळलेले डुक्कर त्याच्या पाठोपाठ थेट गावात येते आणि तिथे थांबलेले बाकीचे गावकरी त्याला एकत्रितपणे लोळवतात. ही युक्ती ज्याला साधली नाही, तो पुढे सबंध डावभर मागे राहतो.

हे डुक्कर ठेवण्यासाठी निवडलेली जागा पाहण्यासारखी आहे. ते घनदाट अरण्यात नाही आणि गावाच्या मध्यभागीही नाही. ते शिवेवर आहे. गावातून चालत जाता येईल इतके जवळ आणि जाताना जिवाची धास्ती वाटेल इतके दूर. शिवाय ते एकेकटे उभे असते, हेही योगायोगाने का होईना बरोबर आहे. माद्या आणि पिले कळपाने राहतात, पण पूर्ण वाढलेला नर वर्षातला बराचसा काळ एकांडाच फिरतो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ च्या गेमने हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर केला. तिथे खेळाडू आपल्या वंशाप्रमाणे वेगवेगळ्या प्रदेशांतून प्रवासाला निघतो. एल्विनच्या जंगलात, ड्युरोटारच्या तांबड्या ओसाड दऱ्यांत आणि डन मोरोच्या बर्फाळ डोंगरांत नवशिक्याला पहिल्या काही मिनिटांतच रानडुकरे भेटतात. प्रदेश बदलला की, त्यांचे नाव आणि रंग बदलतो, जागा मात्र बदलत नाही. ती पहिल्या गावाच्या वेशीबाहेरच असतात. पुढे तर आगीने होरपळलेल्या एका परग्रहावरही डुकराचाच एक राक्षसी अवतार दिसतो. या गेममध्ये शिकारी खेळाडूला प्राणी माणसाळवता येतात आणि प्रत्येक प्राण्याचा आहार ठरलेला असतो. रानडुकराच्या यादीत मांस, मासे, पाव, चीज, फळे आणि अळंबी असे सगळेच आहे. प्राणिशास्त्राच्या परीक्षेतही या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते.

२०२१ च्या ‘व्हॅलहाइम’मध्ये रानडुकरे मोकळ्या कुरणांत, म्हणजे खेळाच्या पहिल्याच भूप्रदेशात असतात. त्यांना विस्तवाची भीती वाटते. कुंपणात अडकवून त्यांच्यापुढे बेरी, अळंबी किंवा गाजरे टाकत राहिले की, ती हळूहळू माणसाळतात आणि त्यांना पिलेही होतात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात आणि स्वतंत्रपणे चीनमध्ये जे घडले असावे, त्याची ही आटोपशीर नक्कलच म्हणायची. वस्तीच्या कडेला उष्ट्या-खरकट्यासाठी येणारे डुक्करच हळूहळू माणसाचे झाले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

काही गेम भूगोलही काळजीपूर्वक सांभाळतात. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ची कथा १८९९ च्या अमेरिकेत घडते आणि त्यातले सर्वांत प्रसिद्ध रानडुक्कर लुइझियानावर बेतलेल्या काल्पनिक राज्याच्या दलदलीत असते. दे सोतोच्या काळापासून दक्षिणेत डुकरे रानटी झालेली असल्यामुळे ही जागा इतिहासाला धरून आहे. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्ये १४०३ सालचा बोहेमिया, म्हणजे आजच्या चेकियातला प्रदेश आहे. तिथे रान सरदाराच्या मालकीचे असल्याने परवानगीवाचून केलेली शिकार हा गुन्हा ठरतो. रानडुकराच्या पत्त्याबरोबर त्या पत्त्याचा मालकही दाखवणारा गेम विरळाच. ‘माइनक्राफ्ट’ने मात्र डुकराला सरळ पाताळात धाडले आहे. २०२० पासून त्यात हॉगलिन नावाचा सुळेधारी प्राणी असून तो लालभडक बुरशीच्या भूमिगत अरण्यात राहतो आणि एका विशिष्ट निळसर अळंबीला घाबरतो. इथे निसर्गाशी नाते फक्त मुसंडीपुरते उरते.

काल्पनिक डुकराची खऱ्याशी तुलना कशासाठी?

हा आक्षेप रास्त आहे. गेम हे प्राणिशास्त्राचे पुस्तक नव्हे आणि त्याने तसे असावे, ही अपेक्षाही कोणी करू नये. परंतु आपली समजूत पुस्तकांपेक्षा वारंवार पाहिलेल्या चित्रांवर जास्त पोसली जाते आणि माणसाने डुकराची चित्रे फार पूर्वीपासून काढली आहेत. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत सापडलेले डुकराचे चित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे असल्याचे संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केले. ते रानडुकराच्या तिथल्या एका चुलत जातीचे आहे आणि त्याच्याभोवती माणसासारख्या आकृती आहेत. डुक्कर आणि त्याच्या समोर उभा ठाकलेला माणूस, हा प्रसंग तेव्हापासून आजच्या पडद्यापर्यंत फारसा बदललेला नाही.

चुकीची समजूत कुठे होते, तेही पाहू. पडद्यावरचे डुक्कर भर दुपारी उघड्या माळावर उभे असते. माणसांचा वावर असलेल्या भागात खरे डुक्कर मुख्यतः रात्री बाहेर पडते आणि दिवसा झाडोऱ्यात पडून असते. पडद्यावरचे डुक्कर तुम्हाला पाहताच धावून येते. खऱ्याची नजर अधू आणि नाक तल्लख असल्याने बहुतेक वेळा तुम्ही दिसण्याआधीच त्याला तुमचा वास येतो आणि ते निघून जाते. जखमी झालेले, कोंडीत सापडलेले किंवा पिले बरोबर असलेले जनावर मात्र खरोखरच धोकादायक असते. निवडणुकीत आणि क्रिकेटमध्ये आपण ज्याला मुसंडी म्हणतो, ती मान खाली घालून घेतलेली धाव रानात मांडी फाडून जाते. आणि बाळंतपणासाठी घरटे बांधणारी मादी तर मला अजून कोणत्याच गेममध्ये भेटलेली नाही.

जंगल तोडल्यामुळेच डुकरे शेतात आली ना?

हे कारण अर्धे खरे आहे. वाघासारख्या प्राण्याला सलग जंगल लागते आणि ते तुटले की त्याचे नुकसानच होते. रानडुकराचा हिशेब वेगळा आहे. सलग जंगलाचे तुकडे होतात, तेव्हा जंगलाचे क्षेत्र कमी होते, पण शिवेची लांबी वाढते. एक मोठी भाकरी आणि तिचे आठ तुकडे यांचे वजन सारखेच असते, परंतु तुकड्यांची कड एकत्र मोजली, तर ती अखंड भाकरीच्या कडेपेक्षा कितीतरी लांब भरते. रानडुक्कर त्या कडेवर जगते. म्हणून जंगलाचे तुकडे होणे, त्यांच्यामध्ये सिंचनाखालची पिके वाढणे आणि पडीक जमिनींवर झुडपे माजणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की, जंगल घटत असतानाही रानडुकरे वाढू शकतात.

त्यातच त्यांना खाणारे वाघ, बिबटे आणि रानकुत्री बऱ्याच तालुक्यांतून नाहीशी झालेली आहेत किंवा विरळ झाली आहेत. जिथे वाघ आहे, तिथे तो डुकरे मारतोच. पण वाघ आणा म्हणजे डुकरे आटोक्यात येतील, हा सल्ला विदर्भातल्या ज्या शेतकऱ्याला रात्री जागलीला जावे लागते, त्याच्यासमोर देण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

मारून ती संपत का नाहीत?

गेममध्ये एक डुक्कर मारले की, थोड्या वेळाने त्याच जागी दुसरे हजर होते. खेळणाऱ्यांना हे कृत्रिम वाटते, पण निसर्गातही जवळजवळ असेच घडते. फक्त त्याला मिनिटांऐवजी महिने लागतात. रानडुकराची मादी सुमारे ११५ दिवसांत विते आणि एका वेळी साधारण चार ते सहा पिले होतात. खाणे मुबलक असेल, तर ती पिले वर्षभराची होईतो स्वतः विण्यायोग्य होऊ शकतात. आपण असे धरू की, एका शिवारात १० माद्या आहेत आणि प्रत्येकीला ५ पिले झाली. त्यांतली निम्मी मेली, तरी वर्षाअखेरीस २५ नवी डुकरे उरतात. आता कोणी कष्टाने १५ डुकरे मारली, तरी एकूण संख्या वाढलेलीच राहते.

दुसरी अडचण कळपाची आहे. कळपातले एक-दोन प्राणी मारले की, बाकीचे पांगतात, सावध होतात आणि आणखी रात्री उशिरा येऊ लागतात. म्हणूनच अमेरिकेतल्या यंत्रणा आता एकेक डुक्कर टिपण्यापेक्षा संपूर्ण कळप एकाच वेळी मोठ्या कोंडवाड्यात अडकवण्यावर भर देतात.

इंग्लंडने ती संपवली होतीच की, असे कोणी म्हणेल. संपवली होती हे खरे, पण त्यासाठी अनेक शतकांची शिकार आणि जंगलतोड खर्ची पडली. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पैदास केंद्रांतून निसटलेल्या रानडुकरांनी फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये पुन्हा बस्तान बसवले. घराच्या तिन्ही सोयी शाबूत होत्या, फक्त भाडेकरू गेला होता.

मग शेतकऱ्याच्या हातात काय उरते?

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. रानडुक्कर हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका निर्माण करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी देऊ शकतात. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशात आणि ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी ठरवू शकते. बिहारमध्ये आणि उत्तराखंडमध्ये ठरावीक भागांपुरते रानडुकराच्या बाबतीत तसे करण्यात आले होते. परवानगीवाचून मारणे हा गुन्हाच आहे.

बांधावर जुन्या साड्या बांधणे, डबे वाजवणे, केस पसरून ठेवणे हे उपाय काही दिवस चालतात, कारण नवीन वासाला आणि आवाजाला डुक्कर बिचकते. पण इजा होत नाही हे कळले की, ते सरावते. सौरऊर्जेवरचे कुंपण, ज्याला गावोगावी झटका मशीन म्हणतात, जास्त उपयोगी ठरते. त्यातून वीज सलग वाहत नाही, ठरावीक अंतराने क्षणभराचा झटका बसतो, म्हणजे जोराची टिचकी मारल्यासारखा. मात्र तार जमिनीपासून जास्त उंचीवर असेल, तर डुक्कर खालून उकरून आत शिरते आणि तारेला गवत टेकले, तर झटक्याचा जोर उतरतो. याउलट घरगुती लाइनवरून थेट वीज सोडलेली तार हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात माणूस दगावला, तर तो सदोष मनुष्यवधही ठरू शकतो. विदर्भात डुकरांसाठी लावलेल्या अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत.

राहता राहिला विमा. ७२ तासांची मुदत पाहता नुकसान रानडुकरानेच केले आहे, हे ओळखता येणे महत्त्वाचे ठरेल. नीलगाय किंवा हरीण वरून शेंडे कुरतडते. डुक्कर झाड मुळापासून उलथते, ऊस आडवा पाडून खालची कांडी चघळते आणि चोथा टाकून देते. मऊ जमिनीत त्याच्या दोन मोठ्या खुरांमागे दोन लहान मागखुरांचेही ठसे बहुधा उमटतात. बांधावरच्या झाडाच्या खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर सुकलेला चिखल आणि त्यात अडकलेले राठ केस दिसतात. ही छायाचित्रे सकाळीच घ्यायला हवीत, कारण खरिपात उकरलेली माती एका सरीत सपाट होते आणि ठसेही त्याच पाण्याबरोबर वाहून जातात.